आठ मिलिमीटर

"ह्यो कागद खोटा हाय," सातपुते मास्तर म्हणाले आणि मी नुकताच छापून दिलेला कागद त्यांनी माझ्या टेबलावर भिरकावला. त्याचा एक कोपरा माझ्या चहात बुडाला.

"खोटा म्हणजे काय?"

"म्हंजी कमी हाय. बाईचा पाय एवढा न्हाई."

"आकडे तुम्हीच दिलेत मास्तर. लांबी चोवीस सेंटिमीटर. मी तेच घातलेत."

"घातलं आसशील. आत काय बी घाल. भाईर कमी आलंय."

"मशीन काय वाटेत माप खाऊन टाकतं का?"

"ते तुला म्हाईत. तूच आणलंयस खायाला."

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मिरजेतल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघं बसायचो. साखरेच्या आजारानं ज्यांच्या पायातली जाणीव गेली आहे, अशा लोकांसाठी तिथं खास चपला बनत. जाणीव गेली म्हणजे खिळा रुतला तरी कळत नाही, निखारा लागला तरी कळत नाही. साधी चप्पल चावली तरी तो माणूस चालत राहतो, जखम होते, ती चिघळते आणि मग बोट काढावं लागतं, कधी पाऊल. म्हणून चप्पल मापाची लागते, तळाला मऊ रबर लागतं. सव्वीस वर्षं हे काम सातपुते मास्तर एकटे करत होते. पेशंटला कागदावर उभं करायचे, पावलाभोवती पेन्सिल फिरवायचे आणि त्या रेघेवरून रापीनं रबर कापायचे.

मग मी आलो. प्रसन्न कुरुंदवाडे, वय चोवीस, कॉम्प्युटर ऑपरेटर. इंजिनिअरिंगच्या काही मुलांनी दवाखान्याला एक प्रोग्राम फुकट करून दिला होता. पावलाची सात मापं घातली की तो तळव्याचा आकार काढून देई, कुठं दाब कमी हवा तेही दाखवी. आरवाडे मॅडमना, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरांना, तो फार आवडला होता. मापं घ्यायची मास्तरांनी, आकार काढायचा मी आणि माझ्या कागदावरून कापायचं पुन्हा मास्तरांनी, अशी व्यवस्था ठरली. म्हणजे सव्वीस वर्षांच्या कारागिराला माझ्या रेघेवरून हात चालवायचा होता. हे त्यांना झोंबलं, यात नवल नाही. पण मला त्या वेळी त्यांचं झोंबणंच आवडलं होतं, हे खरं आहे.

आमचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. ते मला नावानं हाक मारत नसत. "ए काम्पुटर" म्हणत. रबर चिकटवायच्या सोल्युशनचा डबा मुद्दाम माझ्या खुर्चीखाली उघडा ठेवत, डोकं भणभणून जाई. मीही काही गरीब गाय नव्हतो. त्यांची लाकडी पट्टी टोकाला झिजली होती, म्हणून ते शून्याऐवजी एकच्या रेघेपासून मोजत आणि शेवटी एक वजा करत. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हसून दाखवत असे. आठवी नापास माणसानं मला शिकवावं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

आता त्या कागदाबद्दल. मुलांचा प्रोग्राम फक्त लिनक्सवर चालायचा. त्याचं मला काही नव्हतं, लिनक्स मला येत होतं. अडचण प्रिंटरची होती. दोन्ही पावलं शेजारी-शेजारी छापायला मोठा कागद लागतो, आणि मोठा कागद घेणारा एकच प्रिंटर आमच्याकडे होता, कुणीतरी दान दिलेला. जुना इंकजेट, ट्रंकेएवढा. त्याची सीडी हरवलेली. कंपनीनं लिनक्ससाठी कधी काही दिलंच नव्हतं. लिनक्समध्ये अशा जुन्या प्रिंटरांसाठी लोकांनी आपणहून लिहिलेले ड्रायव्हर असतात. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरचं बोलणं प्रिंटरला समजावून सांगणारा दुभाषा. भली मोठी यादी येते, त्यातून आपल्या मॉडेलचा नंबर निवडायचा. आमच्या प्रिंटरवर लिहिलं होतं चारशे साठ. यादीत चारशे पन्नास होता, चारशे सत्तर होता, साठ नव्हताच.

दोन दिवस मी त्या यादीशी झगडलो. मास्तर रबर घासता घासता सगळं बघत होते.

"का रं, बोलंना व्हय?" ते विचारत.

"बोलेल."

"सांगलीस्न मानूस बोलीव. न्हाईतर देवऋषी."

चारशे पन्नासचा ड्रायव्हर लावला तर कागद निघायला चार मिनिटं लागत आणि रेघांमधून आडवे पांढरे पट्टे जात. चारशे सत्तरचा लावला तर मिनिटात कागद बाहेर, रेघ काळीकुट्ट, अखंड. दुसऱ्या दिवशी मॅडम बघायला येणार होत्या. मी सत्तर निवडला. कागद पट्टीनं मोजून बघावा हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रेघ सुंदर आली होती, मला तेवढं पुरलं.

तो कागद छापला होता हौसाबाई मगदूम यांच्यासाठी. बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. बावन्न-त्रेपन्न वय, जवळच्या गावातल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या. दिवसभर चुलीपुढं उभं राहायचं काम. उजव्या पायाला आधी एकदा जखम होऊन गेली होती आणि मॅडमनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा झाली तर पायाचं काही खरं नाही. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

आमचा आवाज ऐकून मॅडम आत आल्या.

"काय चाललंय?"

"मॅडम, कागद ल्हान आलाय," मास्तर म्हणाले. "मी मोजला. तेवीसच्या वर जेमतेम दोन रेगा भरतोय."

"कशानं मोजलात?" मी विचारलं.

"पट्टीनं."

"कोणत्या? दाखवा ना मॅडमना."

मास्तरांनी पट्टी पुढं केली नाही. मीच त्यांच्या पाटावरून उचलली आणि मॅडमच्या हातात दिली. "ही बघा मॅडम. एकचा आकडासुद्धा अर्धा झिजलाय. हे इथून मोजतात आणि एक वजा करतात. कधी करतात, कधी विसरतात."

"मी कंदी इसरलो न्हाई," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "सव्वीस वर्षात एक पाय खराब केला न्हाई मी. विचारा कुनालाबी."

मॅडमना हसू आलं. त्यांनी ते दाबलं, पण मास्तरांना दिसलं. "मास्तर, तुमच्या हाताबद्दल कुणी काही म्हणत नाहीये," त्या म्हणाल्या. "पण आता ही पद्धत आपण स्वीकारली आहे. आजपासून कागदाप्रमाणेच कापायचं. मनानं वाढवायचं नाही, कमी करायचं नाही. समजलं?"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. तो चेहरा माझ्या अजून लक्षात आहे. मग ते अगदी हळू म्हणाले, "बरं. कागदापरमानं." चहात भिजलेला कागद त्यांनी उचलला, झटकला आणि आपल्या पाटाकडं गेले.

दुपारी जेवायला सगळे गेल्यावर मी ऑफिसातून स्टीलची पट्टी आणली. कशासाठी आणली? मास्तर खोटे आहेत याचा पुरावा मला हवा होता. संध्याकाळी मॅडमना दाखवायला. मी तोच कागद पुन्हा छापला आणि पट्टी लावली.

तेवीस सेंटिमीटर, दोन मिलिमीटर.

मी तीन वेळा मोजलं. चोवीसला आठ मिलिमीटर कमी. रुंदीतही तीन-एक मिलिमीटर गेले होते. चारशे सत्तर हे नंतरचं मॉडेल, त्याचा ड्रायव्हर कागदाच्या चारी बाजूंना जास्त जागा सोडत होता आणि आत बसावं म्हणून सगळं चित्र आपोआप आवळून घेत होता. मास्तरांची झिजकी पट्टी बरोबर होती.

शेडच्या पलीकडच्या कोपऱ्यात मास्तर जेवायला न जाता रबर कापत होते. रापीचा आवाज येत होता. मधे पंधरा पावलांचं अंतर. तिथं जाऊन "मास्तर, थांबा" एवढंच म्हणायचं होतं. मी उठलोही होतो. मग सकाळी मॅडमच्या हातात ती पट्टी देताना मी काय काय बोललो ते आठवलं. आता मास्तर काय काय बोलतील तेही दिसायला लागलं. सबंध दवाखान्यात सांगत फिरले असते.

मी परत बसलो. ड्रायव्हर बदलून चारशे पन्नासचा लावला, सत्तरचा पुसून टाकला. पुन्हा छापून बघितलं. पांढरे पट्टे आले, चार मिनिटं लागली, पण माप चोख चोवीस. उद्यापासूनचे सगळे कागद बरोबर निघणार होते. राहता राहिली एक जोडी. आठ मिलिमीटर म्हणजे असं किती, मी स्वतःला म्हटलं. रबर मऊ असतं. आणि आठ दिवसांनी पेशंटला तपासायला बोलावतातच, तेव्हा लहान वाटली तर मॅडम बदलून देतील. मी लहान निघालेला कागद फाडून कचऱ्यात टाकला.

चार वाजता चप्पल तयार झाली. मास्तरांनी हौसाबाईंना आत बोलावलं, खाली बसून स्वतःच्या हातानं त्यांच्या पायात चढवली, मागचा पट्टा लावला.

"चाला बगू."

हौसाबाई दारापर्यंत जाऊन आल्या.

"कशी वाटतीया?"

"ब्येस हाय की."

"घट्ट हुतीया का?"

"न्हाई वो."

मास्तरांनी बोटांपुढं अंगठा लावून बघितला. करंगळीवरची पट्टी चाचपली. मग मान वर न करता पुन्हा विचारलं, "करंगळीला लागतीया का? नीट ध्यान दिऊन सांगा."

"न्हाई लागत मास्तर. लई मऊ हाय. पायात हाय का न्हाई ते बी कळंना."

"पुन्यांदा एक चक्कर मारा."

त्यांनी चक्कर मारली. मास्तरांनी चौथ्यांदा विचारलं. चौथ्यांदा त्यांनी तेच सांगितलं आणि हात जोडले. मी माझ्या टेबलावरून हे सगळं बघत होतो. पडद्यावर बघितल्यासारखं करत होतो.

"आठ दिसांनी दावायला यायचं," मास्तर म्हणाले. "चुकवायचं न्हाई. बरोबर आठ दिसांनी."

"येती की."

आठ दिवसांनी त्या आल्या नाहीत. मास्तर त्या दिवशी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. मीही सारखा दाराकडं बघत होतो. 

त्या आल्या चोविसाव्या दिवशी. शाळेत खिचडीला बदली बाई मिळत नव्हती म्हणून येता आलं नव्हतं. आल्या त्याही पायाचा वास यायला लागला असं नात म्हणाली म्हणून. मॅडमनी चप्पल काढली तेव्हा मी दारात उभा होतो. करंगळीच्या जागी काय होतं ते मी इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढलं. पाऊल वाचेल की नाही ते आठवड्यानं सांगू, असं मॅडम म्हणाल्या.

त्याच दुपारी मॅडम शेडमध्ये आल्या, हातात ती चप्पल. त्यांनी मला हौसाबाईंचा कागद पुन्हा छापायला सांगितला. चार मिनिटं लागली.  पांढऱ्या पट्ट्यांचा तो कागद बाहेर आला, मॅडमनी स्टीलची पट्टी लावली.

"चोवीस," त्या म्हणाल्या. मग चप्पल मोजली. "तेवीस पॉइंट दोन. मास्तर, कागद बरोबर आहे. चप्पल लहान कशी?"

मास्तरांनी कागद हातात घेतला. त्या पांढऱ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. त्यांच्याकडं दिलेला कागद असा नव्हता, त्यावरची रेघ अखंड होती. तो कागद रबरावर चिकटवून त्यांनी रबराबरोबरच कापून टाकला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आता ते सगळं सांगणार, म्हणून मी टेबलाची कड धरली.

"हात हुकला आसंल," मास्तर म्हणाले.

"हुकला? दोन्ही चपलांचा? सारखाच?"

"वय झालं मॅडम. डोळं साथ देत न्हाईत."

मॅडमनी चप्पल त्यांच्या पाटावर ठेवली. "सव्वीस वर्षं म्हणत होतात," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटला तो संताप. हा माणूस मला वाचवतोय? याच्या दयेवर मी राहायचं? मी उठून त्यांच्या पाटापुढं जाऊन उभा राहिलो.

"माझ्यावर उपकार करायची गरज नाही मास्तर."

"तुज्यावर?" ते हसले. त्यांचं ते हसणं फार घाणेरडं होतं. "तू मेलास तरी मी खांदा द्याचा न्हाई."

"मग खोटं का बोललात? कागद लहान होता. तुम्हाला माहीत आहे. मला त्याच दुपारी कळलं होतं. मी मोजला, मशीनमध्ये दुरुस्त केलं आणि गप्प बसलो. जा, सांगा मॅडमना."

त्यांनी रापी खाली ठेवली. "त्याच दुपारी?"

"तुम्ही कापत होतात तेव्हा."

"आन् बसून ऱ्हायलास."

"हो."

मला वाटलं ते मारतील. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांची नजर खाली गेली.

"मला तर सकाळीच म्हाईत हुतं," ते म्हणाले. "तुज्या आदीपास्न."

"मग कापलंत कशाला तसं? वाढवून कापायचं. कुणाला कळलं असतं?"

"कुनालाच न्हाई. तेच तर." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "वाढवून कापलं आस्तं तर चप्पल झ्याक बसली आस्ती आन् तू म्हनला आस्तास, बगा कागद कसा बरोबर. मला तुजं नाक कापायचं हुतं. बाई घालंल, घट्ट हुतीया म्हनंल, तशीच मॅडमफुडं नेतो, आसं ठरवलं मी. चारदा इचारलं. ती ब्येसच म्हनत ऱ्हायली."

"तिला कळणार कसं मास्तर? तिच्या पायाला..."

"ते मला सांगू नगंस!" ते ओरडले. "मला सांगतोस? सव्वीस वर्षं हेच करतोय मी. हे पाय बोलत न्हाईत, त्येंच्या वतीनं आपुन बोलायचं आस्तंय, हे मीच शिकिवलंय हितं समद्यास्नी." मग आवाज एकदम बसला. "म्हनलं आठ दिसांनी ईल. लाल वण उठंल तवर. तो दावीन. वण उठला की बास हुता मला."

शेडमध्ये सोल्युशनचा वास भरला होता. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत नव्हतो. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा तिरस्कार वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता, आणि त्यातला किती त्यांचा आणि किती माझा स्वतःचा हे सांगता येत नव्हतं.

"मॅडमना सांगायचं?" मी विचारलं.

"मॅडमचा पाय हाय व्हय?" मास्तर म्हणाले आणि उठले.

बायकांच्या वॉर्डात हौसाबाई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. उजवा पाय बँडेजमध्ये, उशीवर ठेवलेला. आम्हाला बघून त्या उठायला लागल्या.

"मास्तर, तुमास्नी बोल लागला म्हनं माज्यापायी," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं डाक्तरीणबाईस्नी. म्हनलं मास्तर चार चारदा इचारत हुतं, मीच ब्येस हाय म्हनली. माजीच चूक हाय."

 मी सुरुवात केली. मशीनमधून कागद लहान निघाला होता आणि चप्पल तयार व्हायच्या आधीच मला ते कळलं होतं, असं सांगितलं. मास्तरांशी वाद चालला होता म्हणून बोललो नाही. ड्रायव्हरचं काही सांगितलं नाही, त्याचा आता काय उपयोग होता. माझं संपल्यावर मास्तरांनी त्यांचं सांगितलं. काही सोडलं नाही. नाक कापायचं होतं, तेही सांगितलं.

हौसाबाई ऐकत होत्या. शेजारच्या खाटेवरची बाई जेवताना थांबली होती.

"म्हंजी पायात घालताना तुमास्नी म्हाईत हुतं," त्या मास्तरांना म्हणाल्या.

"व्हय."

"आन् सायेब, तुमी बी बगत हुता."

"हो."

त्या बँडेजकडं बघत राहिल्या. रडतील, शिव्या देतील, काहीतरी करतील म्हणून आम्ही उभे होतो. त्यांना खरोखरच काहीतरी समजत नव्हतं, असा त्यांचा चेहरा झाला होता.

"तुमचं भांडान हुतं, तर मला तसं सांगायचं हुतं की," त्या म्हणाल्या. "मी थांबले आस्ते. जुन्या चपलीत आनी एक म्हैना काडला आस्ता. तुमचं मिटल्यावर आले आस्ते."

मग त्यांनी चादर पायावर ओढून घेतली आणि आम्हाला जायला सांगितलं.